सूक्ष्मदर्शकाचा दिवा कोणता असावा?



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते; आणि ती अगदीच चुकीची नाही. पण आज मी दिव्यांवर बोलणार आहे. दिवेही घरातले किंवा रस्त्यावरचे नव्हेत. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक यंत्राच्या पाठीमागे एका पत्र्याच्या डब्यात जळणारा जो दिवा असतो, त्याच्याविषयी मला सांगायचे आहे. गेली वीसेक वर्षे मी रुग्णालयांतल्या कामगारांची संघटना बांधण्याचे काम करतो. त्यांत प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ आले, आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांत हा दिवा पुन्हा पुन्हा आला. माझे शालेय शिक्षण दहावीपलीकडे गेले नाही. जे कळले ते तंत्रज्ञांना विचारून आणि शब्दकोश शेजारी ठेवून पुस्तके वाचून कळले.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालीत असत. टिनोपाल कापडाला पांढरा रंग देत नाही. सूर्यप्रकाशात आपल्याला न दिसणारे जे जंबुपार किरण असतात, ते ही पूड शोषून घेते आणि त्यांच्या बदली निळसर, डोळ्यांना दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. म्हणून जुने धोतर नव्यासारखे झळकते. बँकेतला कारकून नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो आणि नोटेतले तंतू चमकू लागतात, तेही याच न्यायाने. केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली क्विनीनच्या द्रावणावर प्रयोग करून या प्रकाराचा उलगडा केला आणि फ्लुओरस्पार नावाच्या खनिजावरून त्याला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. मराठीत आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणू. स्टोक्स यांनी दाखविलेला नियम असा की, बाहेर येणारा प्रकाश आत गेलेल्या प्रकाशापेक्षा लांब लहरींचा असतो. जंबुपार आत गेला तर निळा बाहेर येतो, निळा आत गेला तर हिरवा, हिरवा आत गेला तर नारिंगी किंवा तांबडा. सावकाराकडे फाटकी नोट मोडायला गेले की तो बट्टा कापून पैसे देतो, तसाच हा व्यवहार आहे. कापलेला बट्टा उष्णतेच्या रूपाने त्या पदार्थातच राहतो.

या गुणाचा सूक्ष्मदर्शकात उपयोग करायचा तो असा. जो जंतू किंवा पेशीचा जो भाग पाहायचा, त्याला प्रतिदीप्त होणारा रंग चढवायचा. मग त्या रंगाला मानवेल अशाच लहरींचा प्रकाश त्यावर टाकायचा. परत येणाऱ्या उजेडातून टाकलेला प्रकाश गाळून काढायचा आणि फक्त रंगाने दिलेला प्रकाश डोळ्यापर्यंत येऊ द्यायचा. म्हणजे काळ्याभोर पार्श्वभूमीवर हवी तेवढीच वस्तू चमकते. अमावास्येच्या रात्री झाडावरचे काजवे दिसतात, भर दुपारी ते तिथेच असून दिसत नाहीत. फरक काजव्यात नाही, पार्श्वभूमीत आहे.

गंमत अशी की हा शोध आधी अडचण म्हणून पुढे आला. जर्मनीत झाइसच्या कारखान्यात आउगुस्ट कोलर हे १९०४ च्या सुमारास जंबुपार किरणांनी अधिक बारीक पाहता येईल का, याच्या मागे होते. त्यांना नमुन्यातूनच नको असलेला उजेड येताना दिसला. पुढे १९११ साली व्हिएन्नामध्ये ऑस्कर हाइमश्टेट यांनी तो नको असलेला उजेडच पाहण्यासाठी यंत्र तयार केले. त्या काळी दिवा म्हणून कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये पेटविलेली विजेची ज्योत वापरीत. ती फुरफुरे, हले आणि कांड्या जळून जात. म्हणजे यंत्र जन्माला आले त्या दिवसापासून त्याचे दुखणे दिव्याचेच आहे.

हे दुखणे एवढे जुनाट का? रंगाने परत दिलेला प्रकाश टाकलेल्या प्रकाशाच्या मानाने हजारो, कित्येकदा लाखो पटींनी मंद असतो. म्हणून टाकायचा प्रकाश प्रखर हवा. इथे सामान्य माणसाची एक समजूत आड येते. त्याला वाटते, शंभर वॅटऐवजी पाचशे वॅटचा दिवा लावा म्हणजे झाले. तसे होत नाही. सूक्ष्मदर्शकाखालचा उजळायचा ठिपका मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो. दिव्याचा जळणारा भाग मोठा असेल, तर भिंगांची कितीही रचना करा, त्याचा सारा प्रकाश त्या ठिपक्यात कोंबता येत नाही. विहिरीत पाणी कितीही असो, पोहरा जेवढा तेवढेच वर येते. म्हणून इथे वॅटपेक्षा महत्त्व आहे ते एका बारीक बिंदूतून किती प्रकाश निघतो याला. आणि त्यातही आपल्या रंगाला मानवणाऱ्या लहरींचा किती, याला.

या कसोटीवर साधा हॅलोजन दिवा, म्हणजे टंगस्टनची तार तापवून प्रकाश देणारा, मागे पडतो. तो स्वस्त आहे, शांत जळतो, बदलायला सोपा आहे. पण त्याच्या प्रकाशात तांबडा आणि उष्णता पुष्कळ, निळा थोडा आणि जंबुपार जवळजवळ नाहीच. निळ्या प्रकाशाने चमकणाऱ्या काही रंगांना तो कसाबसा पुरतो. गरीब प्रयोगशाळांनी त्यावर दिवस काढले आहेत, एवढे म्हणून पुढे जाऊ.

खरा राजा म्हणून मिरवला तो पाऱ्याच्या वाफेचा दिवा. गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, लहानशा फुग्यात थोडा पारा आणि दोन धातूंची टोके. त्या टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडली की पाऱ्याची वाफ होते आणि ती जळजळीत प्रकाश देते. शंभर वॅटच्या प्रचलित दिव्यात ती ज्योत जेमतेम पाव मिलिमीटर लांबीची असते. म्हणजे बिंदू बारीक आणि प्रखर, जो हवा तोच. पण पाऱ्याचा प्रकाश सूर्यासारखा सलग नसतो. तो ठराविक जागी उसळतो: ३६५, ४०५, ४३६, ५४६ आणि ५७९ नॅनोमीटर. या जागी तो कमालीचा प्रखर, मधल्या जागी बराच मंद.

या उसळीचे मोल आपल्या देशाला चांगले माहीत असायला हवे. १९२८ साली कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विखुरण्याचा जो शोध लावला, त्यात आरंभी सूर्यप्रकाश होता. पण वर्णपटात नव्या रेषा स्वच्छ दाखविल्या त्या पाऱ्याच्या दिव्याने. एकाच ठिकाणी एकवटलेला प्रकाश मिळाला म्हणून शेजारची अंधूक रेषा दिसली. आणि पहिल्यापहिल्यांदा त्या अंधूक उजेडाला त्यांच्या प्रयोगशाळेत एक प्रकारची प्रतिदीप्तीच समजत होते.

सूक्ष्मदर्शकात मात्र या उसळीने एक वेगळीच गोष्ट घडविली. दिवा रंगासाठी निवडावा, हा सरळ मार्ग. प्रत्यक्षात लोक दिव्याकडे पाहून रंग निवडू लागले. ऱ्होडामिन हा रंग एवढा लाडका झाला, त्याला पाऱ्याची ५४६ ची उसळ त्याला नेमकी लागू पडते हे मोठे कारण आहे. पेशीकेंद्र निळे दाखविणाऱ्या रंगाला ३६५ ची उसळ चालते. उलट हिरव्या चमकेचा फ्लुओरेसीन ४९० च्या आसपासचा प्रकाश मागतो आणि तिथे पाऱ्याकडे देण्यासारखे फारसे नाही. जेलीफिशपासून मिळालेल्या ज्या हिरव्या प्रथिनाच्या कामासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सियन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या नेहमीच्या वापरातील रूपाचीही तीच तऱ्हा. कारखान्यात नवे यंत्र येते आणि माणसाला आपला हात त्याच्या चालीने चालवावा लागतो. शास्त्रज्ञांचेही तसेच झाले हे वाचून मला जरा बरे वाटले.

आता या राजाचे नखरे पाहा. पेटविल्यावर स्थिर व्हायला त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पेटविला की निदान अर्धा तास विझवायचा नाही. विझविला की निवेपर्यंत, म्हणजे आणखी अर्धा तास, पुन्हा पेटवायचा नाही. जळत असताना आतला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक दहापट असतो. आयुष्य सुमारे २०० तास. त्यानंतर टोके झिजतात, फुगा आतून काळवंडतो, ज्योत नाचू लागते, आणि फुगा फुटण्याचे भय वाढते. नवा बसविताना बोटांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, कारण बोटाचा तेलकट डाग उष्णतेने गारेत भाजून पक्का होतो. बसविल्यावर ज्योतीची प्रतिमा आणि आरशातली तिची प्रतिमा अशा दोन्ही खुंट्या फिरवून बरोबर मध्ये आणायच्या. हे काम जमले नाही तर चित्राची एक बाजू उजळ आणि एक अंधारी राहते, आणि अंधाऱ्या बाजूचा जंतू सुटतो.

फुगा फुटला तर काय करायचे, हे दिव्याच्या डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे, म्हणून इथे सांगतो. सर्वांनी ताबडतोब खोलीबाहेर जायचे. खिडक्या उघडता आल्या तर उघडायच्या. अर्धा तास आत यायचे नाही. झाडूने झाडायचे नाही, कारण झाडल्याने पाऱ्याचे थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. सफाई कामगाराला न सांगता आत पाठवायचे तर मुळीच नाही.

पाऱ्याला पर्याय म्हणून झेनॉन वायूचा दिवा आला. त्याचा प्रकाश दृश्य पट्ट्यात बराचसा सलग आणि सूर्यासारखा असतो. त्यामुळे वेगवेगळ्या रंगांची चमक मोजून तुलना करायची असेल तर तो पाऱ्यापेक्षा प्रामाणिक. ७५ वॅटचा दिवा ४०० तासांच्या आसपास टिकतो. पण जंबुपार भागात तो पाऱ्याची बरोबरी करीत नाही, आणि त्याचा फुगा थंड असतानाही आत मोठा दाब असतो. म्हणजे पेटीतून काढतानाही तोंडावर जाळी आणि हातात मोजे हवेत. यानंतर धातूंचे क्षार घातलेले हॅलाइड दिवे आले. तेही मुळात पाऱ्याचेच भाऊ. पण ते दीड-दोन हजार तास जळतात, दूर एका पेटीत राहतात आणि द्रवाने भरलेल्या लवचीक नळीतून प्रकाश यंत्रापर्यंत पाठवितात. खुंट्या फिरविण्याची कटकट गेली, उष्णता दूर राहिली. श्रीमंत संशोधनसंस्थांत ते पुष्कळ वर्षे चालले.

दिव्याइतकीच महत्त्वाची एक सुधारणा वाटेच्या बाबतीत झाली, ती सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. पूर्वी प्रकाश खालून, नमुन्यातून आरपार येई. म्हणजे गाळणीने दगा दिला तर तो थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यात. लेनिनग्राडचे ब्रुमबर्ग यांनी १९४८ साली आणि हॉलंडमध्ये लायडनचे प्लूम यांनी १९६७ च्या सुमारास प्रकाश वरून, त्याच भिंगातून टाकण्याची रीत आणली. मध्ये एक दुरंगी आरसा: निळा परतवितो, हिरवा सोडतो. आज जगभर हीच रीत आहे. दिवा बदलायचा तर मागचा डबा काढून दुसरा लावायचा, एवढे सोपे झाले ते या रीतीमुळे.

आणि मग आला एलईडी, आपल्या घराघरांत शिरलेला तोच. तांबडा आणि हिरवा पूर्वीच होता. प्रखर निळा मिळत नव्हता. तो जपानच्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांच्या कामामुळे १९९० नंतरच्या दशकात हाती आला, आणि त्याबद्दल तिघांना २०१४ साली भौतिकीचे नोबेल मिळाले. निळा म्हणजेच आपल्या कामाचा. एलईडी एका अरुंद पट्ट्यातच प्रकाश देतो. घरच्या दिव्यात हा दोष, इथे तोच गुण. ४७० चा घेतला तर फ्लुओरेसीनला चालतो, ३६५ चा घेतला तर पेशीकेंद्राच्या रंगाला. बटन दाबताच पेटतो, दाबताच विझतो, कमीजास्त करता येतो. आयुष्य दहा हजार तास आणि त्याहून अधिक. काही वॅटवर, प्रसंगी बॅटरीवरही चालतो. पारा नाही, फुटण्याचे भय नाही.

एलईडीत सगळे सोनेच आहे असे मात्र नाही. ५४० ते ५९० च्या हिरव्या-पिवळ्या भागात साधे एलईडी दुबळे आहेत; तिथे निळ्या एलईडीने एक वेगळी पूड उजळून काम काढावे लागते, आणि ती यंत्रे महाग पडतात. पाच-सहा रंग एकाच वेळी हवे असतील तर तितके एलईडी एका पेटीत बसवावे लागतात. दहा हजार तास जी टिकते ती एलईडीची चकती. तिला वीज पुरविणारी पेटी त्याआधी मान टाकू शकते, आणि ती दुरुस्त न करता सबंध बदला असे विक्रेता सांगतो. संशोधकाच्या काही कामांत ५४६ च्या उसळीचा जोर आजही कामाला येतो. पण प्रश्न संशोधकाचा नसून आपल्या रुग्णालयांतला असेल, तर निवाडा करायला फार वेळ लागू नये. त्यासाठी क्षयाकडे वळू.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कोख यांनी १८८२ च्या २४ मार्चला जाहीर केला. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा भाग आज भारतात आहे. थुंकीत जंतू शोधण्याची जुनी रीत झील-नील्सन यांची: निळ्या पार्श्वभूमीवर तांबडी काडी. त्यासाठी हजारपट मोठे करून पाहावे लागते, भिंगावर तेल घालावे लागते, आणि जंतू नाही असे म्हणण्यापूर्वी निदान शंभर क्षेत्रे पाहावी लागतात. दुसरी रीत ऑरामीन या पिवळ्या रंगाची. तो निळ्या प्रकाशात चमकतो आणि जंतू काळोखात सोनेरी-हिरवट ठिणगीसारखा दिसतो. ठिणगी दुरून दिसते, म्हणून दोनशेपट मोठे केले तरी शोधायला पुरते. हजारऐवजी दोनशे म्हणजे क्षेत्राचा व्यास पाचपट आणि क्षेत्रफळ पंचवीसपट. एका नजरेत पंचवीस नजरांची जागा! त्यामुळे काच तपासायला झील-नील्सनच्या सुमारे चौथा हिस्सा वेळ लागतो, आणि निरनिराळे अभ्यास एकत्र केले तर सरासरीने सुमारे दहा टक्के अधिक रुग्ण सापडतात.

मग ही रीत खेडोपाडी का गेली नाही? रंग तर गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून माहीत होता. अडले ते दिव्यापाशी. हिशेब करून पाहा. दिवसाला पाच तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला १२५ तास. पाऱ्याचा २०० तासांचा दिवा दीड महिन्याच्या आसपास संपला. वर्षाला सात-आठ दिवे, प्रत्येकासाठी मागणीपत्र, दरपत्रक, मंजुरी. एका रुग्णालयात दिवा यायला चार महिने लागले आणि तोवर यंत्र गवसणी घालून बसले होते. तंत्रज्ञ तेलाच्या भिंगाखाली शंभर-शंभर क्षेत्रे मोजीत राहिले. आणि दिवा वारंवार विझवायचा नाही या अटीमुळे कामाच्या मधल्या सुट्टीतही तो जळतच असतो. १२५ तासांत प्रत्यक्ष पाहण्याचे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. एलईडीचे दहा हजार तास याच हिशेबाने ऐंशी महिने, साडेसहा वर्षांहून जास्त. शिवाय दोन काचांच्या मध्ये तो विझविता येतो, म्हणजे रंगही कमी विटतो. पूर्ण अंधारी कोठडीही लागत नाही, मंद उजेडाची खोली पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली शिफारस केली की जुन्या प्रतिदीप्ती यंत्रांच्या जागी एलईडीची यंत्रे आणावीत आणि झील-नील्सनच्या जागीही ती टप्प्याटप्प्याने यावीत. त्या दशकात भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही ती येऊ लागली.

कोणी म्हणेल, आता थुंकीतल्या जंतूचा वारसाद्रव्यावरून शोध घेणारी यंत्रे आली, सूक्ष्मदर्शकाचे दिवस भरले. ती यंत्रे उत्तम आहेत, अधिक जंतू पकडतात, औषधाला दाद न देणारा क्षयही ओळखतात, आणि पहिली तपासणी त्यांनीच व्हावी. पण ती मेलेल्या जंतूचेही द्रव्य मोजतात, म्हणून उपचार लागू पडतो आहे की नाही हे पाहायला काचेची गरज राहते. आणि यंत्राची नळकांडी संपली की पुन्हा काचच हातात येते.

आता माझ्या धंद्याचा मुद्दा. झील-नील्सन रीतीत एका माणसाने दिवसाला वीस-पंचवीसपेक्षा जास्त काचा तपासू नयेत, असा दंडक आहे. कारण त्यानंतर डोळा थकतो आणि थकलेला डोळा जंतू नाही असे खुशाल लिहून देतो. एलईडी आला, काच चौथाई वेळात होऊ लागली, तेव्हा व्यवस्थापकाच्या मनात सरळ गुणाकार आला: पंचविसाच्या शंभर करा. गिरणीत एका माणसाकडे दोनऐवजी चार साचे दिले तेव्हाचा हाच गुणाकार आहे. पण वेळ वाचतो तो क्षेत्रे कमी पाहावी लागतात म्हणून. डोळ्याला काळोखात ठिणगी शोधण्याचा ताण आहे तो आहेच, आणि चमकणारा प्रत्येक ठिपका जंतू नसतो. धूळ आणि रंगाचे कणही चमकतात. काडीचा आकार पाहून नक्की करायला मोठ्या भिंगाखाली पुन्हा जावे लागते. ऑरामीनच्या काचा विटतात, म्हणून काळोखात ठेवून दिवसाच्या आत तपासाव्या लागतात. त्याचीही घाई असते. दिव्याने वाचविलेल्या वेळाचा काही भाग दुसऱ्या माणसाकडून फेरतपासणीला आणि डोळ्यांच्या विसाव्याला गेला नाही, तर दहा टक्के जास्त सापडणारे रुग्ण हातचे निसटतात. निसटलेला रुग्ण घरी जाऊन खोकत राहतो, हे तंत्रज्ञाला व्यवस्थापकापेक्षा चांगले कळते.

राहता राहिले जुने दिवे. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. भारताने तो २०१८ साली मान्य केला. जपानच्या ज्या गावाचे नाव त्याला दिले आहे, तिथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने माणसे लुळी झाली आणि मेली. आपल्याकडे कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ साली याच पाऱ्यापायी बंद पडला. प्रयोगशाळेतला एक दिवा म्हणजे थोडाच पारा, हे खरे. पण बदलून काढलेला दिवा जातो कुठे, हे मी विचारले तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर मिळाले की कपाटाच्या खालच्या खणात किंवा सरळ कचऱ्यात. संघटनेतर्फे आता आम्ही प्रत्येक रुग्णालयाकडे तीन गोष्टी लेखी मागतो: जळलेल्या तासांची नोंदवही दिव्याजवळ ठेवावी, काढलेला दिवा त्याच्या मूळ पेटीत घालून धोकादायक कचऱ्याच्या हिशेबात द्यावा, आणि एलईडीचे यंत्र घेताना वीजपेटी किती वर्षे मिळेल व ती कोण दुरुस्त करील, हे विक्रेत्याकडून करारात घ्यावे. पहिल्या दोन मागण्या बऱ्याच ठिकाणी मान्य झाल्या आहेत. तिसरीवर बोलणी चालू आहेत.